मुंबई ते टोकियो: अंतर नेमकं किती, आणि विमानात खरोखर किती तास?

सांजवेळ (धागाकर्ती) | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईला घेऊन टोकियोला जातेय. धाकटी बहीण तिथे असते, तिला ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली आणि आईला नातीला मांडीवर घ्यायचंय. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. विमानात याआधी एकदाच बसलीय, मुंबई-नागपूर. रोज रात्री दहाला तिला इन्सुलिन लागतं आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. म्हणून मला प्रवासाचा नेमका वेळ हवाय, अंदाज नकोय.

आणि तोच मिळत नाहीये. तिकिटं थेट विमानाची आहेत. जाताना मुंबईहून रात्री ८:०० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३० ला टोकियोचा नारिता विमानतळ. येताना नारिताहून संध्याकाळी ५:३० ला निघून त्याच रात्री ११:३० ला मुंबई. ज्यांच्याकडून तिकिटं काढली ते म्हणाले, "जाताना साडेअकरा तास, येताना सहाच तास, येताना काही त्रास नाही." मला ते पटलं नाही. नेटवर पाहिलं तर एका ठिकाणी अंतर ६,७४० किमी, दुसऱ्या ठिकाणी ६,७९०, तिसरीकडे ७,००० च्या वर. वेळ कुठे साडेसात तास, कुठे दहा.

अंतर एकच असेल तर आकडे इतके वेगळे का? आणि आईला मी किती तासांची तयारी करायला सांगू?

---

गोदाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५२

ताई, घड्याळातला फरक आधी काढून टाका, म्हणजे निम्मं कोडं सुटेल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुमचं विमान सकाळी ७:३० ला उतरेल तेव्हा मुंबईत पहाटेचे ४:०० वाजलेले असतील. रात्री ८ ते पहाटे ४ म्हणजे आठ तास. येताना टोकियोतले ५:३० म्हणजे आपले दुपारचे २:००. दुपारी २ ते रात्री ११:३० म्हणजे साडेनऊ तास.

म्हणजे येतानाचा प्रवास सहा तासांचा तर नाहीच, उलट जातानापेक्षा दीड तासाने मोठा आहे. तुम्हाला सांगितलं त्याच्या बरोबर उलटं.

---

सांजवेळ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बाप रे. मी येतानासाठी काहीच तयारी करणार नव्हते. आई त्यात दोनदा जेवते आणि एकदा इन्सुलिन घेते! खूप खूप आभार.

पण दीड तासाचा फरक कशामुळे? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग जाताना टोकियो पुढे पळत असणार ना? जाताना जास्त वेळ लागायला हवा.

---

नकाशावेडा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३१

अंतराबद्दल मी लिहितो, वाऱ्याबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

सांताक्रूझ-अंधेरीच्या आपल्या विमानतळापासून हानेदापर्यंत सरळ अंतर सुमारे ६,७४० किमी भरतं, आणि नारितापर्यंत सुमारे ६,७९०. टोकियोला हे दोन विमानतळ आहेत. हानेदा खाडीच्या काठावर, शहराला लागून. नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला, चिबा प्रांतात. आपण पश्चिमेकडून येतो, त्यामुळे नारिताला जायचं तर टोकियो ओलांडून पुढे जावं लागतं. पन्नास किलोमीटरचा फरक तिथे आला. काही ठिकाणी विमानतळ सोडून शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात, तोही आकडा ६,७४० च्या जवळच येतो. आणखी थोडा फरक पृथ्वीच्या आकारामुळे पडतो. कोणी ती पूर्ण गोल धरून हिशेब करतो, कोणी ध्रुवांशी चपटी धरून. विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किमी आणि ध्रुवांमधला १२,७१४, तेव्हा एवढ्या लांबच्या अंतरात दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे होतात. आकडा मैलात दिसला तर तो कोणता मैल तेही बघा. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, तो १.८५२ किमीचा. त्या हिशेबाने नारिता सुमारे ३,६७० मैल.

आता 'सरळ' म्हणजे काय, हा माझा आवडता भाग. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि टोकियोला पट्टी लावलीत तर रेघ बांगलादेश, म्यानमारचा उत्तर भाग, चीनचा युन्नान प्रांत अशी जाते. पण घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेला सरकेल. मी अक्षांश-रेखांश घालून वाट काढली: पाटण्याच्या जवळून, भूतानवरून, तिबेटच्या पूर्वेकडून, चीनमधल्या चेंगडूच्या उत्तरेने, काइफेंगच्या दक्षिणेने, दक्षिण कोरिया ओलांडून जपान. ६,७९० हा या दोऱ्याचा आकडा. पट्टीची रेघ याहून शंभरेक किलोमीटरने लांब पडते. सपाट नकाशात आखूड दिसणारी रेघ गोलावर लांब निघते, हे मला शाळेत कोणी असं दोरा हातात देऊन दाखवलं असतं तर भूगोल फार आधी आवडला असता.

तिसरा, ७,००० च्या वरचा आकडा म्हणजे विमान प्रत्यक्ष जेवढं उडतं ते अंतर. ते या दोऱ्यावरून जात नाही. का, ते पश्चिमवारा सांगतील, त्यांचं ते कामच होतं.

---

पश्चिमवारा | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:४८

नकाशावेडा, आठवण काढलीत, बरं वाटलं. मी अठ्ठावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमानाची वाट आखणं, वारा बघणं, इंधन ठरवणं, हे आमचं काम. निवृत्त झालो तरी रोज सकाळी वरच्या वाऱ्याचा नकाशा उघडतो, त्याशिवाय चहा गोड लागत नाही.

आधी सांजवेळ यांची शंका, कारण ती फार जणांना असते. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा हा वेग ताशी सुमारे १,५८० किमी आहे. हवा जागच्या जागी राहिली असती तर आपल्याला अंगणात उभं राहणंही शक्य नव्हतं. विमान त्या हवेतच उडतं, म्हणून टोकियो 'पुढे पळत' नाही. फरक पडतो तो जमिनीच्या तुलनेत हवा कुठे वाहते याने.

आणि ती वाहते पश्चिमेकडून पूर्वेकडे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, वाऱ्याची एक अरुंद, वेगवान नदी असते: जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ती जपानवर सगळ्यात जोरात असते. जगात ज्या मोजक्या जागी हा वारा सर्वात प्रबळ होतो त्यांत जपानचं आकाश येतं. जानेवारीत तिथे ताशी ३०० किमीचा वारा ही नेहमीची गोष्ट, कधी ३७० च्याही वर जातो.

आता हिशेब. मोठं विमान हवेत ताशी ९०० किमीच्या आसपास चालतं. प्रत्यक्ष वाट ७,००० किमी धरू. वारा नसेल तर ७ तास ४७ मिनिटं. पूर्ण वाटेवर सरासरी १०० किमीचा वारा पाठीमागून मिळाला तर वेग १,००० आणि वेळ ७ तास. तोच समोरून आला तर वेग ८०० आणि वेळ ८ तास ४५ मिनिटं. सरासरी वारा १५० असेल तर येताना ९ तास २० मिनिटं लागतात. याला ब्लॉक टाइमसाठी, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतच्या वेळासाठी, दोन्ही टोकांचं रांगणं, म्हणजे टॅक्सीइंग, आणि चढण-उतरण यांचा मिळून अर्धा-पाऊण तास जोडा. तुमच्या तिकिटावरचे आठ आणि साडेनऊ कुठून आले ते कळेल.

यात एक बारीक गोष्ट आहे. जाताना जेवढं वाचतं तेवढंच येताना जातं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. वाऱ्याशिवाय जाऊन-येऊन १५ तास ३३ मिनिटं, आणि १०० किमीच्या वाऱ्यात १५ तास ४५. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा मोठं. इंधनाचंही तसंच. परतीच्या विमानात आम्ही कित्येक टन इंधन जास्त भरायचो.

आता वाट. नकाशावेडांचा दोरा भूतान आणि तिबेटवरून जातो. तिथून प्रवासी विमान सहसा जात नाही, आणि कारण हिमालयाची उंची हे नव्हे. विमान एव्हरेस्टच्या वरूनही सहज जाईल. प्रश्न असतो काही बिघडलं तर काय याचा. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला की वैमानिकाला ताबडतोब १०,००० फुटांवर, म्हणजे तीनेक हजार मीटरवर उतरावं लागतं, कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो. डोक्यावरून जे मास्क खाली पडतात त्यांचा ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आणि शेकडो किलोमीटर रुंद. तिथे खाली उतरायला जागाच नाही.

म्हणून विमान नागपूर, बंगाल, बांगलादेश, म्यानमार, मग चीनमध्ये कुनमिंगच्या बाजूने शिरून पूर्व चीन, पिवळा समुद्र किंवा कोरियाच्या दक्षिणेकडून जपान असं जातं. चीनमध्ये बरंचसं आकाश लष्कराच्या ताब्यात असतं, परदेशी विमानांना ठरलेल्या वाटांवरूनच जावं लागतं. त्या वळणांमुळे ६,७९० चे सात हजार किंवा थोडे जास्त होतात. रोज तीच वाट नसते. वारा, वादळ, गर्दी बघून ती बदलते.

तेव्हा ताई, मी तुम्हाला एकच सांगेन. किलोमीटर सोडून द्या. जाण्याची वेळ वेगळी विचारा, येण्याची वेगळी, आणि कोणत्या महिन्यात तेही.

---

तांबडंफुटलं | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

पश्चिमवारा काका, प्रतिसाद जपून ठेवला आहे. महिन्याचं काय? मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा दोन्हीकडचा फरक एवढा जाणवला नव्हता.

---

पश्चिमवारा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:०३

जाणवणार नाहीच. उन्हाळ्यात ही नदी मंदावते आणि उत्तरेला सरकते. हिवाळ्यात तिचा एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेने, थेट उत्तर भारतावरून वाहतो. जूनच्या सुमारास तो उचलून तिबेटच्या उत्तरेला जातो, आणि आपला मॉन्सून उत्तर भारतात शिरणं याच बदलाशी जोडलेलं आहे. शेतकरी ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो त्याची चाहूल आम्हाला वाऱ्याच्या नकाशावर दिसायची, आणि त्याच आठवड्यांत टोकियोहून येणाऱ्या विमानांचा वेळ कमी व्हायला लागायचा. मला या कामात सर्वात जास्त आनंद कशाने दिला असेल तर याने.

---

रानजाई | १२ नोव्हेंबर, दुपारी २:१७

मी डॉक्टर आहे, म्हणून औषधांपुरतं लिहिते. सांजवेळ, आईंच्या इन्सुलिनचा डोस त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे कोणी सांगितलेलं करू नका, मीही सांगणार नाही. त्यांच्याकडे जाताना मात्र वर निघालेला हिशेब कागदावर लिहून न्या: जाताना आठ तास, दिवस साडेतीन तासांनी आखूड होतो, येताना साडेनऊ तास, दिवस साडेतीन तासांनी लांबतो. "साडेअकरा आणि सहा" सांगितलंत तर डॉक्टरही चुकीचं वेळापत्रक देतील.

आईंच्या मनगटावरचं घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवरच राहू द्या. तुमच्या फोनवर जपानची वेळ येईलच. जाताना रात्रीचे दहा वाजतील तेव्हा तुम्ही विमानात, निघून दोनच तास झालेले असतील, त्यामुळे तो डोस नेहमीच्या वेळीच येतो. तिथे पोचल्यावर मात्र भारतातले रात्रीचे दहा म्हणजे टोकियोतले दीड. वेळ कशी आणि किती दिवसांत सरकवायची, हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि साखर एकदम उतरली तर खायला काहीतरी गोड. जेवण कधी येईल ते हवाई सुंदरीला आधी विचारून मगच जेवणाआधीची औषधं द्या. हवा खराब असली की जेवण उशिरा येतं.

दर दोन तासांनी आईंना उठवून चार पावलं चालवा, पोटऱ्या हलत्या राहायला हव्यात. पाणी थोडं थोडं, पण सतत. केबिनमधली हवा फार कोरडी असते. केबिनचा दाबही जमिनीवरच्यासारखा नसतो. बऱ्याच विमानांत तो आठ हजार फुटांवर असल्यासारखा असतो, काही नव्या विमानांत सहा हजार. आईंना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

---

परदेशीपाखरू | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३३ (टोकियोहून)

औषधांबद्दल इकडची बाजू. स्वतःपुरती, एक महिन्याच्या आतली डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं चालतात. त्याहून जास्त आणायची असतील, किंवा इंजेक्शनं महिन्यापेक्षा जास्त पुरतील इतकी असतील, तर आधी अर्ज करून 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुम्ही किती दिवस राहणार त्यावर बघा. आपल्याकडच्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर जपानमध्ये आणायला बंदी आहे. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही तपासून घ्या. आया-आज्या प्रेमाने सगळी औषधांची पेटी घेऊन येतात, म्हणून मुद्दाम सांगते.

नारिताहून शहरात यायला स्कायलायनर रेल्वे घेतली तर निप्पोरीपर्यंत चाळीस मिनिटांच्या आत, आणि नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनपर्यंत साधारण तासभर. बहिणीचं घर कुठे आहे त्यावर ठरवा. म्हणजे आठ तासांवर हा एक तास, शिवाय इमिग्रेशन आणि सामानाचा एक तास धरा. हानेदाचं विमान मिळालं असतं तर तो रेल्वेचा तास बराच कमी झाला असता. पुढच्या वेळी लक्षात असू द्या.

थेट विमान घेतलंत हे फार चांगलं केलंत.

---

तांबडंफुटलं | १२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

थेटचं भाडं परवडत नाही म्हणून मी विचारतो, मधे थांबून जायचं तर कुठून जावं? मी मागच्या वेळी सिंगापूरमार्गे गेलो होतो आणि प्रवास संपता संपेना.

---

नकाशावेडा | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५५

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, म्हणजे दक्षिणेला पार खाली उतरून पुन्हा वर चढायचं. सरळ अंतरं जोडली तर:

दिल्लीमार्गे नारिता: १,१४० आणि ५,९१० च्या आसपास, मिळून सुमारे ७,०५०.
हाँगकाँगमार्गे: ४,२७० आणि २,९६०, मिळून सुमारे ७,२३०.
बँकॉकमार्गे: ३,०३० आणि ४,६५०, मिळून सुमारे ७,६८०.
सिंगापूरमार्गे: ३,९२० आणि ५,३६०, मिळून सुमारे ९,२८०.

सिंगापूरमार्गे थेटपेक्षा अडीच हजार किलोमीटर जास्त, म्हणजे हवेतच तीनेक तास वाढले. दिल्लीमार्गे वाट जवळपास सरळच राहते. अर्थात मधे किती तास थांबवतात त्यावर सगळं अवलंबून. आठ तास बसवून ठेवणार असतील तर आखूड वाटेचा काही उपयोग नाही.

---

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२८

एक शंका. हल्ली अमुक देशाचं आकाश बंद, तमुक देशाचं बंद असं ऐकतो. त्याचा या वाटेवर परिणाम होतो का?

---

पश्चिमवारा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

मुंबई-टोकियोवर नाही. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद असण्याचा त्रास पश्चिमेकडे, युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना होतो. आपण पूर्वेला जातोय. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोपच्या कंपन्यांना बंद आहे, त्याचा टोकियोशी संबंध आहे, पण युरोपहून येणाऱ्यांचा. हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं, आता तेरा तासांच्या आसपास. दोन शहरं तिथेच, अंतर तेवढंच, आणि वेळ साडेतीन तासांनी वाढला.

---

जुनीपेठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

थोडं अवांतर, पण याच वाटेचं आहे म्हणून लिहितो.

माझे पणजोबा कापसाच्या व्यापारात होते, त्यामुळे घरात जपानचं नाव विमानांच्या कितीतरी आधीपासून होतं. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबईची नियमित बोट सुरू केली, आणि त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. जपानच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता आणि आधीच्या बोटींचं भाडं परवडत नव्हतं. जपानची ही दूर देशाची पहिली नियमित बोटसेवा, आणि ती मुंबईसाठी होती याचं मला फार अप्रूप वाटतं. तो प्रवास आठवड्यांचा.

मग १९५० च्या दशकाच्या मध्यास एअर इंडिया इंटरनॅशनलची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं टोकियोला जायला लागली. पंख्याची विमानं, बँकॉक, हाँगकाँग अशी उतरत जाणारी. आज ताई आठ तास की साडेनऊ यावर विचार करतायत. माझ्या पणजोबांना हे वाचायला मिळालं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार सकाळपासून मनात आहे.

---

नकाशावेडा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

जुनीपेठ, अवांतर अजिबात नाही. याला जोडून एक जपानी माणूस सांगतो. जेट स्ट्रीम पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांमध्ये वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ होते. टोकियोच्या ईशान्येला तातेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग ठेवायचे. जपानवर एवढ्या उंचीवर इतका प्रचंड वारा वाहतो हे त्यांनी आकड्यांत मांडलं आणि १९२६ मध्ये छापलं, ते एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत! जगभर वाचलं जावं म्हणून. पण एस्परांतो वाचणारे थोडे, त्यामुळे बाहेर कोणाचं लक्षच गेलं नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर आली आणि समोरच्या वाऱ्यात जवळजवळ जागच्या जागी थांबल्यासारखी झाली, तेव्हा त्यांना या वाऱ्याचा खरा जोर कळला.

सांजवेळ, तुमच्या आई नारिताला उतरतील ते ठिकाण त्या वेधशाळेपासून फार दूर नाही. साठ किलोमीटरच्या आतच.

---

सांजवेळ | १३ नोव्हेंबर, रात्री १०:२२

मी आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. दोऱ्याचं ऐकून तिने कपाटावरचा माझ्या मुलाचा पृथ्वीगोल खाली काढायला लावला, आणि आम्ही दोघींनी शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून पाहिला. खरंच भूतानवरून जातो! आई बराच वेळ बोट ठेवून बसली होती.

रानजाई, उद्याच डॉक्टरांची वेळ घेतलीय. परदेशीपाखरू, पंचवीस दिवस राहणार आहोत, म्हणजे महिन्याच्या आत बसतं. खोकल्याची बाटली पेटीतून काढली. परत आले की खरे आकडे इथे टाकेन.

---

सांजवेळ | १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

मंडळी, आलो. आई ठणठणीत आहे.

आकडे आईनेच लिहून ठेवले, तिच्या वहीत, तिच्या भारतीय वेळेवरच्या घड्याळाप्रमाणे. जाताना चाकं रात्री ८:३४ ला उचलली, पहाटे ३:५२ ला टेकली. म्हणजे ७ तास १८ मिनिटं हवेत. येताना दुपारी २:२२ ला उचलली, रात्री ११:४१ ला टेकली. ९ तास १९ मिनिटं. दोन तास आणि एक मिनिटाचा फरक. पश्चिमवारा काका, तुमचा ९ तास २० चा हिशेब एका मिनिटाने चुकला!

जाताना पूर्व चीन ओलांडल्यावर समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१४० किमी दिसला. आईला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वारा ढकलतोय ना आपल्याला?" येताना त्याच भागात ६४० होता आणि विमान बरंच हलत होतं. घाबरेल वाटलं होतं, पण तिला आधीच माहीत होतं की इथे वारा समोरून येणार. माझाच हात धरून बसली आणि मलाच सांगत होती.

इन्सुलिनचं डॉक्टरांनी तीन दिवसांचं वेळापत्रक दिलं होतं, ते पाळलं, साखर एकदाही खाली गेली नाही. पहिले दोन दिवस तिला सकाळी लवकर जाग येत नव्हती, तिसऱ्या दिवसापासून नातीच्या वेळेने उठायला लागली. येतानाचा प्रवास खरोखरच जड होता, पाय सुजले थोडे. सहा तास समजून निघालो असतो तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

---

पश्चिमवारा | १६ फेब्रुवारी, रात्री ८:१२

त्या दिवशीचा वाऱ्याचा नकाशा मी पाहिला होता. तुमची तारीख माहीत नव्हती, पण जानेवारीभर टोकियोच्या वाटेकडे लक्ष होतं. आईंना माझा नमस्कार सांगा. वही जपून ठेवायला सांगा.

---

तांबडंफुटलं | १६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मी जूनच्या शेवटी दिल्लीमार्गे जातोय. दोन्हीकडच्या चाकं उचलल्या-टेकल्याच्या वेळा लिहून आणतो, जानेवारीशी ताडून बघू.